वर्तकांनी डबी ऐकली

दीनानाथ वर्तक बँकेत होते, पण कुणी "काय करता?" असं विचारलं की ते "ऐकतो" असं सांगत. नोकरी हा त्यांच्या मते निव्वळ योगायोग होता. नारायण पेठेत चार माणसं जमली आणि गाण्याचा विषय निघाला की त्यांतलं एक तरी म्हणायचं, "वर्तकांना विचारा. त्यांचा कान तयार आहे."

हा लौकिक त्यांना ऐन तारुण्यात मिळाला, आणि तोही दोन शब्दांत. गणेशोत्सवातली मैफल होती, हवा दमट होती. ख्याल रंगात आलेला असताना पहिल्या रांगेतून वर्तक म्हणाले, "खर्ज उतरलाय." गायक थांबले, तंबोऱ्याची खर्जाची तार जुळवली, आणि वर्तकांकडे बघून त्यांनी किंचित मान लववली. खरं तर मागे तंबोऱ्याला बसलेल्या बाईंचा हात आधीच खुंटीवर गेला होता. पण लोक समोर बघतात, मागे कोण बघतो? त्या एका मान लववण्यावर वर्तकांनी पुढची चाळीस वर्षं काढली. पेन्शनसुद्धा माणसाला इतकी पुरत नाही.

तेव्हापासून वर्तकांना गाण्याचा आनंद घेता आला नाही. वेळच मिळाला नाही. ते मैफलीला परीक्षेच्या पर्यवेक्षकासारखे जात. "बरं होतं" ही त्यांच्याकडची सर्वांत मोठी पदवी होती. मध्यंतराला उठून जाणं ही तिच्याखालची, आणि मध्यंतराआधी उठून जाणं ही त्यांची खास आवड. घरी परतल्यावर हेमाताई, म्हणजे त्यांच्या पत्नी, "कसं झालं गाणं?" असं विचारायच्या नाहीत. उत्तर अर्धा तास चालायचं आणि त्यात गाणं कुठेच यायचं नाही.

निवृत्तीनंतर वर्तकांनी व्हॉल्व्हचा एक मोठा परदेशी अ‍ॅम्प्लिफायर घेतला. तो तापायला वेळ लागे. तापला की काचेच्या नळ्या नारिंगी दिसत आणि त्यांच्यासमोर वर्तक आरतीला बसल्यासारखे बसत. वरच्या मजल्यावरचे लोक आवाजाबद्दल दोनदा येऊन बोलून गेले, तेव्हा त्यांनी भारी हेडफोन घेतले. "लोकांना शांतता हवी असते," ते म्हणाले, "संगीत नको असतं." हेडफोनमधूनही आवाज बाहेर येई, पण ते सांगायला पुन्हा कोण खाली येणार?

दर रविवारी सकाळी त्यांच्या दिवाणखान्यात 'श्रुती मंडळ' भरे. सात-आठ निवृत्त मंडळी, चहा, एखादं जुनं ध्वनिमुद्रण, आणि शेवटी वर्तकांचा निकाल. मंडळातले बहुतेक सगळे आसपासच्या पेठांतले. अपवाद एकच, अभय वाघमारे. ते वारज्याहून येत. विक्रीकर खात्यातून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले. समोरचा माणूस काहीतरी लपवतोय अशा नजरेनं बघायची सवय अजून गेली नव्हती. पहिल्याच रविवारी वर्तकांनी त्यांना मोठ्या सौजन्यानं विचारलं होतं, "तुमच्याकडे हे शास्त्रीय वगैरे कुठून आलं?"

"रेडिओवरून," वाघमारे म्हणाले. "वडील गायनपार्टीत पेटी वाजवायचे, रात्री घरी आले की रेडिओ लावायचे. आणि तुमच्याकडे?"

"आमच्याकडे काय, परंपराच."

"म्हणजे रेडिओवरूनच."

त्या दिवसापासून दोघांची मैत्री झाली, असं मंडळातले लोक समजत. प्रत्यक्षात दोघेही एकमेकांना तपासत होते.

तर एका रविवारी वाघमाऱ्यांनी खिशातून काडेपेटीएवढी एक काळी डबी काढून टीपॉयवर ठेवली. एका बाजूला यूएसबीची वायर, दुसऱ्या बाजूला हेडफोनचं भोक. लॅपटॉपला नाहीतर फोनला लावायची आणि ऐकायचं. ऑनलाइन मागवली होती आणि किंमत एवढी किरकोळ, की वर्तकांनी ती ऐकून चष्मा पुसला.

"हा हेडफोनचा अ‍ॅम्प्लिफायर आहे," वाघमारे म्हणाले. "मी घरची सगळी यंत्रं माळ्यावर टाकली. आता एवढंच."

"डास मारायचं यंत्र वाटलं मला," वर्तक म्हणाले. मंडळ हसलं. "वाघमारेसाहेब, अहो, संगीताला वजन लागतं. माझा अ‍ॅम्प्लिफायर उचलायला दोन माणसं लागतात."

"मग तो संगीतासाठी आहे की व्यायामासाठी?"

आता मंडळ हसावं की नाही या विचारात पडलं. वर्तकांनी डबी दोन बोटांत धरून उलटसुलट केली आणि परत ठेवली. "हिच्यातून काय येणार ते मला न ऐकताच ऐकू येतंय."

"आमच्या खात्यात बुडव्या व्यापाऱ्यालासुद्धा आधी नोटीस द्यावी लागायची," वाघमारे म्हणाले. "तुम्ही एकदम जप्तीच करताय. घेऊन जा, पंधरा दिवस ऐका, मग बोला."

चारचौघांत असं म्हटल्यावर वर्तकांना डबी ठेवून घ्यावीच लागली. त्यांनी ती शास्त्रशुद्ध ऐकली, म्हणजे पाठ ताठ ठेवून. टेबलावर लॅपटॉप कायम चार्जिंगला लावलेला असे. त्याला डबी जोडायची, हेडफोन चढवायचे, डोळे मिटायचे. सकाळी तोडी, संध्याकाळी मारवा. मत पहिल्याच दिवशी तयार होतं. पुढचे दिवस ते सुबक वाक्यांत बसवण्यात गेले.

मग मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर परीक्षण अवतरलं. चार भागांत. 'डबीतून येणारा तंबोरा हा तंबोरा नसून तंबोऱ्याविषयी दिलेली माहिती आहे,' असं त्यात होतं. 'मारव्यातला ऋषभ घरात येतो, पण चप्पल काढत नाही,' असंही होतं. तबल्याच्या डग्ग्याला पोट नाही, सारंगीला ओल नाही, गायकाच्या मागची भिंत ऐकू येत नाही, असे ढीगभर दोष होते. शेवटी लिहिलं होतं, 'स्वस्तात मिळते ती वस्तू. अनुभव मिळत नाही.' मंडळानं अंगठे, टाळ्या आणि हात जोडलेली चित्रं पाठवली. 'अगदी माझ्या मनातलं!' असं एकानं लिहिलं. त्यानं आयुष्यात कधी हेडफोन घातले नव्हते.

परीक्षण ग्रुपमधून ग्रुपमध्ये फिरलं. मराठी माणूस दुसरं काही नाही तरी नावं ठेवायला मिळतात म्हणून मजकूर पुढे ढकलतो. शनिवार पेठेतल्या एका संस्थेनं वर्तकांना चक्क भाषणाला बोलावलं. विषय होता 'ऐकण्याची कला'. वर्तकांनी होकार दिला. वाघमाऱ्यांनी संस्थेला फोन करून एक सूचना केली: नुसतं भाषण कशाला? प्रत्यक्षच होऊन जाऊ दे. एकीकडे वर्तकांचा अ‍ॅम्प्लिफायर, एकीकडे डबी, मध्ये पडदा. कोणतं यंत्र चालू आहे ते वर्तकांनी ओळखायचं.

"यात चाचणी कसली?" वर्तक हेमाताईंना म्हणाले. "आंधळ्यालासुद्धा दूध आणि ताक कळतं."

"पण अहो, तुम्हाला चहात साखर नाही हे कळत नाही," हेमाताई म्हणाल्या. वर्तकांना हे वाक्य ऐकू आलं नाही, किंवा त्यांनी ते ऐकलं नाही.

चाचणी घ्यायला तेजस्विनी आली. कोथरूडला तिचा ध्वनिमुद्रणाचा स्टुडिओ होता. मंडळातल्याच एकाची ती भाची. तिनं दोन्ही यंत्रं पडद्यामागे एकाच लॅपटॉपला जोडली आणि हेडफोनमध्ये जे वाजेल तेच सभागृहातल्या स्पीकरवरही ऐकू येईल अशी सोय केली, म्हणजे श्रोत्यांनाही मजा यावी. सभागृह भरलं होतं. गाण्याला इतके लोक आले नसते. पण कुणाची तरी फजिती होण्याची शक्यता असली की पुणेकर वेळेआधी येतो.

वर्तक खुर्चीत बसले, हेडफोन चढवले, डोळे मिटले. शेजारच्या खुर्चीत दुसरे हेडफोन लावून वाघमारे. त्यांनीही डोळे मिटले. उगाच कमी कशाला पडायचं? दोघांनी सांगायचं आणि पडद्यामागून तेजस्विनी शेवटी निकाल देणार, असं ठरलं.

पहिल्या तुकड्याला वर्तकांनी "डबी" म्हटलं, वाघमाऱ्यांनी "व्हॉल्व्ह". दुसऱ्याला उलट. असं बराच वेळ चाललं. दोघांचं एकदाही जमलं नाही, त्यामुळे श्रोत्यांना दोघांपैकी एक तरी दर वेळी बरोबर असल्याचं समाधान मिळत होतं. वर्तक प्रत्येक उत्तराला एक वाक्य जोडत. "इथे स्वर श्वास घेतोय." "इथे स्वराला धाप लागलीय." वाघमारे एकच शब्द बोलत आणि पाय हलवत.

तेवढ्यात लॅपटॉपची बॅटरी संपत आली. तेजस्विनीनं चार्जर भिंतीतल्या सॉकेटला लावला आणि पुढचा तुकडा सुरू केला. नुसता तंबोरा होता, विलंबित ख्यालाच्या आधीचा.

त्याबरोबर स्पीकरमधून एक बारीक, तीक्ष्ण शिट्टी सुरू झाली. पाटीवर नख ओढावं तशी, पण न थांबणारी. पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी पदर कानावर घेतला. एक लहान मुलगी आईच्या कुशीत तोंड खुपसून "बंद करा ना" म्हणाली. मागच्या रांगेतला एक तरुण उठून दाराशी जाऊन उभा राहिला. हेमाताईंनी दोन्ही हातांनी कान झाकले.

वर्तकांनी मात्र उजवा हात हळूच वर केला. त्यांच्या चेहऱ्यावर साक्षात्काराचं तेज होतं.

"हा!" ते म्हणाले. "हा माझा व्हॉल्व्ह. ऐका मंडळी. स्वराच्या मागे काय आहे ऐका. शांतता. निव्वळ, काळीभोर शांतता. ही डबीत मिळत नाही."

काही ज्येष्ठांनी माना डोलावल्या. त्यांना खरंच शांतता ऐकू येत होती. बाकीचे आधी एकमेकांकडे बघू लागले, आणि मग कुणाला तरी पहिलं हसू फुटलं.

वाघमारे डोळे न उघडता म्हणाले, "डबी आहे. शांतता आमच्या डबीची आहे."

तेजस्विनी पडदा बाजूला करून बाहेर आली. तिनं चार्जर काढला. शिट्टी थांबली. तिनं परत लावला. शिट्टी सुरू झाली. मुलीच्या आईनं "अहो, पुरे!" म्हणून ओरडून सांगितलं.

"डबीच होती," तेजस्विनी म्हणाली. "स्वस्त डब्यांचं हे होतं. लॅपटॉप चार्जिंगला लावला की करंटचा आवाज आत शिरतो आणि शिट्टी येते. बॅटरीवर ठेवा, छान चालतात. काका, तुम्ही घरी ऐकलीत तेव्हा लॅपटॉप चार्जिंगला होता का?"

"कायमच असतो," वर्तक म्हणाले.

"तुमच्या परीक्षणात डबीचे इतके दोष वाचले मी. हा एकटाच खरा होता, आणि तेवढाच त्यात नव्हता."

एवढं ती अगदी साधेपणानं म्हणाली; टोमणा म्हणून नव्हे. त्यामुळेच तो जास्त लागला. निकालाचा कागद कुणी वाचलाच नाही. तो वाचण्याची गरज उरली नव्हती.

वाघमारे मात्र उठून उभे राहिले होते. "म्हणजे मी जिंकलो."

"वाघमारेकाका," तेजस्विनी म्हणाली, "तुम्हाला शिट्टी ऐकू आली?"

"कुठली शिट्टी?" वाघमारे म्हणाले, आणि खाली बसले.

घरी जाताना लक्ष्मी रस्त्यावर रिक्षावाले नाही म्हणत होते, त्यांच्याशी वर्तक भांडले नाहीत, तेव्हा हेमाताईंना काळजी वाटली. एका साडीच्या दुकानासमोर थांबून वर्तकांनी विचारलं, "तुला आली होती ऐकू?"

"अहो, दात शिवशिवले माझे."

"जोडणीत गफलत होती," वर्तक म्हणाले. "त्या मुलीला वायरिंग येत नाही." आणि ते पुढे चालू लागले, नेहमीपेक्षा भरभर.

दुसऱ्या दिवशी हेमाताई भाजीला गेल्याचं बघून त्यांनी डबी काढली. चार्जर लावला, हेडफोन घातले, कुठलंही गाणं न लावता आवाज वाढवत नेला. काही नाही. चार्जर काढला. काही नाही. पुन्हा लावला आणि आवाज शेवटपर्यंत नेला. तरी काळीभोर शांतता. कालपर्यंत ती त्यांना फार मोलाची वाटत होती. ते लहान मुलासारखे वायर काढत-घालत राहिले. हेमाताई कधी परत आल्या ते त्यांना कळलं नाही. त्या दारातच पिशवी घेऊन उभ्या होत्या.

"घरात डास शिरलाय का हो?" त्या इकडेतिकडे बघत म्हणाल्या. "केवढा गुणगुणतोय."

वर्तकांनी हेडफोन काढून हातात धरले. त्यांचा चेहरा बघून हेमाताईंना सगळं उमगलं. त्यांनी पिशवी खाली ठेवली आणि हातानं डबी उपटून बाजूला केली. "डॉक्टरकडे जाऊ या," एवढंच त्या म्हणाल्या. त्यांच्या संसारातलं हे बहुधा एकमेव वाक्य, ज्यावर वर्तकांनी टिप्पणी केली नाही.

कानाच्या डॉक्टर मैत्री यांच्याकडे वर्तक एकटेच गेले. "सोबत कशाला? मी काय आजारी आहे?" प्रतीक्षेच्या खोलीत एक गृहस्थ वर्तमानपत्र चेहऱ्यासमोर धरून बसले होते. वर्तमानपत्र उलटं होतं.

"वाघमारेसाहेब?"

वर्तमानपत्र खाली आलं. "अरे, वर्तक! मी एकाबरोबर आलोय."

"कुणाबरोबर?"

"तो आत गेलाय. तुम्ही?"

"मीही एकाबरोबरच आलोय."

"तोही आत गेलाय का?"

"हो."

तेवढ्यात नर्सनं दार उघडलं आणि मोकळ्या खोलीकडे बोट दाखवून म्हणाली, "आत कुणीच नाहीये, चला, वाघमारे कोण?" वाघमारे निमूटपणे उठून आत गेले. या सगळ्यात वर्तक हसले नाहीत. आपलं नाव लगेच नंतर पुकारलं जाणार हे त्यांना ठाऊक होतं.

त्यांची तपासणी झाल्यावर डॉक्टर मैत्रींनी एक आलेख पुढे ठेवला. रेघ डावीकडे ठीक चालली होती आणि उजवीकडे पर्वतीच्या पायऱ्यांसारखी खाली उतरली होती. खालचे, भरदार आवाज शाबूत होते. वरचे, बारीक आवाज बरेचसे गेलेले.

"वयानं होतं," डॉक्टर म्हणाल्या. "पण तुमचं जरा जास्तच आहे. फार मोठ्यानं ऐकता का?"

"मन लावून ऐकतो," वर्तक म्हणाले.

"हे एकदम झालेलं नाही. दहा-बारा वर्षं तरी होत असेल."

वर्तक आलेखाकडे बघत बसले. दहा-बारा वर्षं. त्या वर्षांत त्यांनी किती गवयांना नापास केलं होतं! एका तरुण गायिकेच्या तार षड्जाला "चमक नाही" असं त्यांनी तिच्या तोंडावर सांगितलं होतं आणि ती रडली होती. तिच्या गळ्यात चमक होती की नव्हती हे आता जगात कुणाला विचारायचं? डॉक्टरांनी पाणी दिलं.

श्रवणयंत्रं आली. वर्तकांनी ती कानात घातली आणि दहाव्या मिनिटाला डॉक्टरांना म्हणाले, "आवाज थोडा धातूसारखा आहे. खोली येत नाही."

"काका, हे गाण्यासाठी नाहीये. घरातल्यांचं ऐकण्यासाठी आहे."

"त्यांचं मला पूर्वीही पुरेसं ऐकू येत होतं."

पण घरी आल्यावर त्यांची धांदल उडाली. पंख्याला आवाज होता. चपलेला आवाज होता. वर्तमानपत्राची घडी करताना केवढा खडखडाट होई! सर्वांत मोठा धक्का स्वयंपाकघरात बसला. बरीच वर्षं हेमाताई ओट्याशी उभ्या राहून नवऱ्याविषयी जे वाटेल ते साध्या आवाजात, सविस्तर बोलत. घरात तेवढीच मोकळीक होती. आता दिवाणखान्यातून "काय म्हणालीस?" असा प्रश्न आला आणि त्यांच्या हातातलं उलथणं तव्यावरच राहिलं. त्या दिवशी दोघांत जे बोलणं झालं ते तीस वर्षांचं तुंबलेलं होतं. बरंचसं वर्तकांना ऐकूनच घ्यावं लागलं. यंत्र काढून ठेवायला त्यांनी एकदा हात वर नेला होता, पण हेमाताईंनी नुसतं बघितलं आणि हात खाली आला.

संध्याकाळी त्यांनी यंत्र कानात ठेवूनच तंबोरा लावला. व्हॉल्व्ह नाही, डबी नाही. टेबलावरचा साधा स्पीकर. तारांच्या वर जव्हारीची, म्हणजे तारेच्या झंकाराची, ती बारीक सोनेरी गुणगुण होती, धुरासारखी वर जाणारी. ती हल्ली ध्वनिमुद्रणांत नसते असा त्यांचा लाडका सिद्धांत होता. त्यावर त्यांनी दोन लेखही लिहिले होते. वर्तक बराच वेळ डोळे उघडे ठेवून ऐकत होते. हेमाताई दिवा लावायला आल्या तेव्हा ते नाक पुसत होते. "धूळ फार झालीय या घरात," ते म्हणाले.

माणूस यातून काही शिकेल अशी अपेक्षा असेल, तर वर्तकांना तुम्ही ओळखलं नाही. दोन लेख त्यांनी मागे घेतले नाहीत. त्या गायिकेला फोन करायचं मात्र मनात आहे. नंबर मिळत नाही म्हणतात. आणि पुढच्याच महिन्यात ग्रुपवर नवं परीक्षण आलं, पाच भागांत: श्रवणयंत्र कसं निवडावं. वाघमाऱ्यांनी दुसऱ्या कंपनीचं घेतलं होतं, त्यामुळे त्यांचं उत्तर सहा भागांत आलं. रविवारी मंडळात दोघे समोरासमोर बसले.

"तुमच्यात व्यंजनं कोरडी येतात," वर्तक म्हणाले.

"तुमच्यात 'स' आणि 'श' एकच होतात. हे आम्ही वारज्यात खपवून घेत नाही."

त्या दिवशी तेजस्विनीही मामाबरोबर आली होती. तिनं शांतपणे चहाचा कप खाली ठेवला. "काका, मी दोन्ही यंत्रं जोडून देऊ का? पडदा आहे गाडीत."

"नको!" दोघे एका सुरात म्हणाले. तेवढा एक सूर मात्र अगदी चोख लागला होता.